बाटलीवरचा मजकूर : ग्लिसरीनची एक समीक्षा

मराठीत ग्लिसरीन हा शब्द दोन ठिकाणी हमखास भेटतो. एक म्हणजे दिवाळी सरली, पहाटे गार वारं सुटलं आणि ओठ उलायला लागले की घरातल्या बोलण्यात. दुसरं म्हणजे नाटक-सिनेमाच्या परीक्षणात. ‘ग्लिसरीनचे अश्रू’ एवढे दोन शब्द लिहिले की परीक्षणकर्त्याला पुढे काही सिद्ध करावं लागत नाही. भाव खोटा, अभिनय उसना, निकाल जाहीर. गोरेगावची चित्रनगरी १९७७ साली उभी राहिली. तिथल्या आणि अंधेरीतल्या स्टुडिओंमध्ये किती बाटल्या रिकाम्या झाल्या असतील कोण जाणे. पण आपल्या समीक्षेने त्या बाटलीचं नावच खोटेपणाला देऊन टाकलं.

हा निकाल मला अन्यायाचा वाटतो. ग्लिसरीन हा पदार्थ फार प्रामाणिक आहे. खोटा ठरला तो त्याच्या पिंपावर चिकटवलेला कागद, आणि त्या खोट्याने याच शहरात माणसं मेली. तरीही बाटलीवरचा मजकूर हा समीक्षेचा विषय आहे असं आपल्याला वाटत नाही. कवितेतला एक शब्द बदलला तर आपण पानंच्या पानं लिहितो. रोज अंगाला लावायच्या आणि मुलांच्या तोंडात घालायच्या वस्तूंवरचा मजकूर मात्र न वाचताच मानतो. वाचणं आणि मानणं यांतल्या या अंतराबद्दल हा लेख आहे.

माझ्याकडे रसायनशास्त्राची पदवी नाही. बारावीनंतर शिक्षण थांबलं. १९९४ पासून काही वर्षं मी मुलुंडला, लाल बहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका गाळ्यात स्टोअर सांभाळलं. तिथे क्रीम आणि लोशन बनत. आलेला माल मोजायचा, नोंदवायचा, कागद फायलीला लावायचे, हे माझं काम. जे शिकले ते पिंपांवरची लेबलं वाचून, केमिस्टना प्रश्न विचारून आणि पुढे ग्रंथालयांत बसून. गेली वीसेक वर्षं मी लेबलं जमवते. घाटकोपरच्या माझ्या घरात साडीच्या खोक्यांत आता साड्या कमी आणि लेबलं जास्त आहेत.

आधी पदार्थ समजून घेऊ. तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवली की दोन गोष्टी मिळतात, साबण आणि ग्लिसरीन. शंभर किलो तेलामागे साधारण दहा किलो ग्लिसरीन निघतं. स्वीडनच्या कार्ल शीले यांनी १७७९ साली ऑलिव्हचं तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवलं तेव्हा त्यांना हा गोड द्रव प्रथम सापडला. पुढे फ्रान्सच्या शेव्हरल यांनी ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. हा गोडपणा लक्षात ठेवावा. पुढे तोच घात करतो. आपल्याकडे घाटकोपरच्या पुढचं स्टेशन विक्रोळी. गोदरेजांनी १९१९ साली वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, पुढे कारखाना विक्रोळीला आला, आणि साबणाच्या मागोमाग ग्लिसरीनही आलं. मध्य रेल्वेच्या या पट्ट्यात वाढलेल्या आम्हा मुलांना साबणाचा वास ठाऊक होता. त्या वासाआड आणखी एक वस्तू तयार होते हे ठाऊक नव्हतं.

ग्लिसरीन आर्द्रताधारक आहे, म्हणजे हवेतलं पाणी ओढून धरून ठेवतं. किती धरतं हे हवेवर ठरतं. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर शंभर ग्रॅम ग्लिसरीन सुमारे २५ ग्रॅम पाणी घेऊन थांबतं. आर्द्रता ८० टक्के झाली की ते जवळपास स्वतःच्या वजनाइतकं पाणी घेतं. मुंबईच्या पावसाळ्यात हवा ८० टक्क्यांच्या पुढेच असते. बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर आतलं ग्लिसरीन वाढलेलं आणि पातळ झालेलं दिसतं ते यामुळे. कोरड्या हवेत उलटं होतं. निर्भेळ ग्लिसरीन थेट त्वचेवर चोपडलं तर हवेत मिळत नाही ते पाणी ते त्वचेतूनच ओढतं, आणि चुरचुरतं. म्हणून आजीने सांगितलेलं ‘ग्लिसरीनमध्ये गुलाबपाणी घाल’ हे शास्त्राला धरून आहे. ग्लिसरीनची पाण्याची भूक त्या पाण्याने आधीच भागलेली असते. त्याच कृतीत लिंबू पिळण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी; उललेल्या कातडीवर आम्ल घालून कोणाचंही भलं होत नाही.

ग्लिसरीन त्वचेला परकंही नाही. आपल्या त्वचेतल्या तेलग्रंथींच्या स्रावातूनही ते तयार होतं. या ग्रंथी नीट न वाढलेल्या उंदरांवरचे प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाले. त्या उंदरांच्या वरच्या त्वचेत ओलावा कमी होता, आणि नुसतं ग्लिसरीन लावल्यावर तो भरून आला. पदार्थ स्वस्त, जुना, सहसा कोणाला न बाधणारा आणि सांगितलेलं काम करणारा. बाजाराच्या दृष्टीने यातला प्रत्येक गुण अडचणीचा आहे, कारण जुन्या आणि स्वस्त वस्तूची नवी आणि महाग जाहिरात करता येत नाही.

म्हणून आता लेबल वाचू. माझ्यासमोर एका सिरमची ३० मिलीची बाटली आहे. नाव सांगत नाही, कारण या जातीच्या बहुतेक बाटल्यांचा मजकूर असाच असतो. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘हायलुरॉनिक ॲसिड’. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत घटकांची यादी : पाणी, ग्लिसरीन, आणखी चार नावं, मग फिनॉक्सीइथेनॉल, आणि त्याच्याही नंतर सोडियम हायलुरोनेट.

ही यादी वाचायला व्याकरण लागतं आणि ते कायद्यात दिलेलं आहे. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने. आकडे देण्याची सक्ती नाही. पण फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक एक टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत, म्हणून यादीत ते हद्दीच्या दगडासारखं उभं असतं. त्याच्या पलीकडे जे जे आहे ते सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. म्हणजे जो नट जाहिरातीच्या फलकावर आहे, तो नाटकात एका प्रवेशापुरता येतो. सगळं नाटक ओढून नेतं ते दुसऱ्या क्रमांकावरचं ग्लिसरीन, आणि त्याचं नाव फलकावर नाही.

यात बेकायदा काही नाही. हायलुरॉनिक ॲसिड थोड्या प्रमाणातही त्वचेवर पातळ ओलसर थर देतं, हेही खरं. माझा आक्षेप जाहिरातीतल्या लाडक्या वाक्यावर आहे : ‘स्वतःच्या वजनाच्या हजारपट पाणी धरतं.’ एक ग्रॅम हायलुरॉनिक ॲसिड एक लिटर पाण्यात विरघळवलं तर ते पाणी जरा दाट लागेल. तेवढ्यावरून ते गालावर बसून हवेतलं लिटरभर पाणी खेचेल असं होत नाही. पाणी दाट करणं आणि पाणी ओढून धरणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. जाहिरातीने एकाच्या जागी दुसरं बसवलं आणि आपण ते चालवून घेतलं. विद्यार्थ्याने निबंधात अशी अदलाबदल केली असती तर लाल शाईची रेघ आली असती.

शेजारच्या जैन कुटुंबातल्या बहेन मला नेहमी विचारतात, “यातलं ग्लिसरीन चरबीचं की तेलाचं?” प्रश्न अगदी रास्त आहे. ग्लिसरीन खोबरेल किंवा पामतेलातून येतं, जनावराच्या चरबीतून येतं, खनिज तेलापासूनही बनवता येतं, आणि अलीकडे जगात बरंचसं बायोडिझेलच्या कारखान्यांतून जोडउत्पादन म्हणून येतं. रेणू तोच. यादीतला ‘ग्लिसरीन’ हा एक शब्द या सगळ्या कुळांना एकाच पदराखाली घेतो. तो कुळ सांगत नाही, आणि शुद्धताही सांगत नाही. कुळाचा प्रश्न श्रद्धेचा आहे. शुद्धतेचा प्रश्न जिवाचा आहे, आणि त्यासाठी मला उपनगर सोडून भायखळ्याला जावं लागेल.

१९८६ साली मी दहावीत होते. त्या वर्षाच्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात, ज्या रुग्णांची प्रकृती सुधारायला हवी होती त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. मेंदूवरची सूज आणि डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी तेव्हा ग्लिसरीन तोंडावाटे देत. पाणी ओढण्याचा तोच गुण तिथे औषध म्हणून वापरला जाई. रुग्णालयात औषध म्हणून आलेलं हे ग्लिसरीन प्रत्यक्षात औद्योगिक होतं आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं. १४ माणसं गेली.

डायइथिलीन ग्लायकॉल हे ग्लिसरीनचं सोंग घेण्यासाठीच घडवल्यासारखं आहे. तेही रंगहीन, गंधहीन, दाट आणि गोड. शिवाय स्वस्त. उद्योगात ते द्रावक म्हणून रीतसर वापरतात. पोटात गेलं की मूत्रपिंडं बंद पाडतं. घनता पाहून फरक ओळखता येईल असं वाटतं, कारण ग्लिसरीनची घनता १.२६ आणि याची १.१२. मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. ग्लिसरीनमध्ये पाचवा हिस्सा डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलं तर मिश्रणाची घनता १.२३ च्या आसपास येते. ग्लिसरीनमध्ये दहा-अकरा टक्के पाणी असलं तरीही आकडा जवळपास तोच. पाणी शिरलंय की विष शिरलंय, हे हायड्रोमीटरच्या नळीला कळत नाही. त्यासाठी क्रोमॅटोग्राफीसारखी चाचणी मुद्दाम करावी लागते, आणि ती करायची तर आधी कोणाला तरी कागदावर शंका यावी लागते.

ही शंका पद्धतशीर घेतली ती मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी. त्यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल १९८७ साली सादर झाला. तो सहसा भ्रष्टाचाराचा दस्तऐवज म्हणून आठवला जातो, आणि तो तसा आहेच. माझ्या मते मात्र तो या शहरात झालेल्या मजकूर-समीक्षेचा फार मोठा नमुना आहे. रुग्णाच्या खाटेजवळच्या बाटलीपासून वाचायला सुरुवात करायची. माल कोणी पुरवला, कोणत्या निविदेवर, तो परवाना कसा मिळाला, तपासणी कोणी करायची होती, कोणी केली नाही, कोणी डोळेझाक केली. एकेक कागद उलटत आयोग रुग्णालयाच्या भांडारातून अन्न व औषध प्रशासनात आणि तिथून मंत्रालयापर्यंत पोहोचला. प्रत्येक सहीला विचारलेला प्रश्न एकच होता : तुम्ही हे पाहिलंत, की फक्त मानलंत? १९८८ साली मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या यांनी या प्रकरणावर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं. कागदांवरचा विश्वास किती महाग पडतो हे मुंबईने तेव्हा जगाला सांगितलं होतं.

जगाला ते आधीही कळायला हवं होतं. १९३७ साली अमेरिकेत एका कंपनीने सल्फा औषधाचं गोड पातळ औषध काढलं आणि द्रावक म्हणून हेच डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं. शंभराहून अधिक माणसं मेली, त्यांत कितीतरी मुलं होती. विक्रीपूर्वी विषारीपणाची चाचणी करावी असा कायदा तेव्हा नव्हता. मग सरकारने तो माल जप्त केला कशाच्या जोरावर? बाटलीवर ‘इलिक्सर’ असं लिहिलं होतं. त्या शब्दाचा अर्थ मद्यार्कयुक्त औषध. आणि बाटलीत मद्यार्क नव्हता. चुकीचं नाव, एवढाच गुन्हा. एका शब्दाच्या अर्थावरून उरलेल्या बाटल्या बाजारातून उचलल्या गेल्या आणि पुढच्या मृत्यूंना आळा बसला. शब्दांची चिकित्सा हा निवांत लोकांचा उद्योग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हा दाखला देते. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, तिथे नवा कायदा आला.

तरी विष पुन्हा पुन्हा येत राहिलं. १९९८ साली गुरगावमध्ये खोकल्याच्या औषधातून आलं आणि ३३ मुलं गेली. २००६ साली पनामात आलं. तिथे पोहोचलेली पिंपं चीनमधून निघून स्पेनमार्गे गेली होती. कागदावर ९९.५ टक्के शुद्ध ग्लिसरीन असं होतं, आणि वाटेत व्यापारी बदलताना प्रमाणपत्रावरचं मूळ नावही बदललं होतं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ते मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात आलं. तमिळनाडूत बनलेल्या खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉलचं प्रमाण ४८.६ टक्के आढळलं. वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांतल्या काहींना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. औषधी ग्लिसरीनमध्ये या विषाची चालणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. औषधात निम्म्याच्या जवळ विष जातं, तेव्हा कित्येक सह्या न बघता झालेल्या असतात.

या सह्यांबद्दल मी तोऱ्याने बोलू शकत नाही. मुलुंडच्या गाळ्यात असताना एकदा पावसाळ्यात २५० किलोची ग्लिसरीनची पिंपं आली. सोबतच्या चाचणी प्रमाणपत्रावर बॅच क्रमांक एक, पिंपांवर दुसरा. मी सुपरवायझरना दाखवलं. ते म्हणाले, “ताई, कागद आलाय ना? मग सही करा. लाइन थांबलीय.” मी सही केली. माल क्रीममध्ये गेला, क्रीम दुकानांत गेलं. काही झालं नाही. त्वचेवर लावायच्या वस्तूत धोका पोटात घ्यायच्या औषधाइतका नसतो, आणि बहुधा ते ग्लिसरीन चोखच होतं. पण चोख आहे म्हणून मी सही केली नव्हती. लाइन थांबली होती म्हणून केली होती. १९८६ ची वर्तमानपत्रं वाचलेली मुलगी आठ-दहा वर्षांत हे विसरली होती. लेबलं जमवायचा नाद मला त्यानंतर लागला.

वाचकांना घाबरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. थंडीत ग्लिसरीन जरूर लावावं, मीही लावते. मागणं एवढंच की पुढची बाजू वाचून झाली की बाटली उलटी करावी. हद्दीचा दगड शोधावा. बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक पाहावा. मुलांचं औषध असेल तर संपेपर्यंत खोकं फेकू नये, कारण काही बिघडलं तर माग काढायला तोच धागा असतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून उपनगरांतल्या घरांना एकत्र खरेदी करायला शिकवते आहे. एकत्र वाचायलाही शिकायला हवं. घटकांची यादी मराठीत आणि चाळिशी न लावता वाचता येईल अशा टाइपात मागायला हवी. समजत नाही ते मानणं याला विश्वास म्हणत नाहीत, ती नाइलाजाची सवय असते.

परीक्षणकर्त्यांनाही एक विनंती. नटीच्या डोळ्याखालचा थेंब ग्लिसरीनचा आहे हे नटीला, दिग्दर्शकाला आणि प्रेक्षकालाही माहीत असतं. त्यात कोणाची फसवणूक होत नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा कागदावर ग्लिसरीन असतं आणि पिंपात नसतं. खोटेपणाला नाव द्यायचंच असेल तर दुसरं शोधावं.

१९८६ च्या त्या दिवसांत आम्ही घाटकोपरला भटवाडीत राहत होतो. वडील संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. जे. जे. ची बातमी वाचून झाली तशी आई उठली. फळीवर गुलाबपाण्याशेजारी ग्लिसरीनची अर्धी बाटली होती. भांडी घासून तिचे हात उलायचे, त्यासाठी आणलेली. तिने ती मोरीत ओतली. वडील म्हणाले, “अगं, ते प्यायचं होतं, हे लावायचं आहे. आणि यावर कंपनीचं नाव आहे.” आई म्हणाली, “त्याच्यावरपण नाव असेलच की.”

त्या हिवाळ्यात तिने हातांना खोबरेल लावलं. तिची ती बाटली चोख असणार, याबद्दल मला आज शंका नाही. पण लेबलावर याहून नेमकं वाक्य मी पुढे कुठल्याही ग्रंथालयात वाचलेलं नाही.